सर्पभय : मानसशास्त्रीय संप्रदायांची मीमांसा

सापाविषयी वाटणारी, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी आणि टिकून राहणारी भीती. ती रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली, पुस्तकातल्या सापाच्या चित्रावर बोट ठेवायलाही माणूस धजेना, की तिला भयगंड म्हणतात. मानसशास्त्रातल्या बहुतेक संप्रदायांनी या भीतीचा आपापल्या परीने अर्थ लावला आहे. त्यामुळे त्यांचे मतभेद पाहायला हा विषय सोयीचा. महाराष्ट्रात या भीतीला एक ठळक उलटा दाखला आहे : सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा.

शिराळ्यात श्रावण शुद्ध पंचमीला जिवंत नागाची पूजा होत असे. गोरक्षनाथ भिक्षेला आले तेव्हा महाजनांच्या घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, नाथांनी तो जिवंत करून दाखवला, अशी आख्यायिका आहे. सणाआधी काही दिवस मंडळांची पोरे बांधावर, ओढ्याकाठी नाग धरत आणि मडक्यात ठेवत. पंचमीला बायका त्याला हळदकुंकू वाहत. मग अंबामातेच्या देवळाकडे मिरवणूक निघे आणि कोणाचा नाग फणा किती उंच काढतो याची चढाओढ लागे. आईच्या कडेवरचे मूल हे सारे हाताच्या अंतरावरून पाही.

मनोविश्लेषणाच्या चौकटीत हे दृश्य नीट बसत नाही. फ्रॉइडने स्वप्नमीमांसेत (1900) साप हे पुरुषेंद्रियाचे प्रतीक मानले, म्हणजे भीती सापाची नसून दडपलेल्या वासनेची. युंगला त्यात आदिम सहजप्रवृत्ती आणि उपचारशक्ती दिसली. पण नागपंचमीच्या व्रतात बायका नागाला भाऊ मानतात, त्या दिवशी चिरत-तळत नाहीत, शेतात नांगर धरत नाहीत. एवढ्या घरगुती नात्यावर एकच ठरीव अर्थ लादणे ही या संप्रदायाची जुनी खोड म्हणावी लागेल.

वर्तनवादाने प्रश्नच बदलला : भीतीचा अर्थ काय हे विचारायचे सोडून ती लागते कशी हे पाहिले. वॉटसन आणि रेनर यांनी 1920 मध्ये लहानग्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवताना पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणला; काही वेळा तसे घडल्यावर पोर नुसत्या उंदराला पाहून रडू लागले. मेरी कव्हर जोन्सने 1924 मध्ये उलट वाट दाखवली. सशाला घाबरणाऱ्या पीटरला ती आवडता खाऊ देई आणि ससा हळूहळू जवळ आणी. आजही भयगंडावर जे पायरीपायरीने सामोरे नेण्याचे उपचार होतात, त्यांचे मूळ इथे आहे.

परंतु साप कधी चावला नाही, तरी अनेकांना भीती असतेच. सेलिगमनने 1971 मध्ये मांडले की काही भीती शिकायला उत्क्रांतीने आपल्याला आधीच तयार करून ठेवले आहे. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांचे माकडांवरील प्रयोग या वादात सर्वांत मोलाचे. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. रानात वाढलेल्या माकडांना घाबरताना पाहून भिऊ लागली. फुलांच्या बाबतीत, तसाच घाबरलेला चेहरा चित्रफितीत जोडून दाखवला तरी, ती भ्यायली नाहीत. आणि 1986 चा निष्कर्ष शिराळ्याच्या दृष्टीने नेमका आहे : ज्यांनी आधी निर्धास्त माकडे सापाजवळ वावरताना पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना पुढे घाबरलेली माकडे दाखवूनही ती भीती चिकटली नाही. जणू लस टोचली होती.

बंडुराने हीच गोष्ट उपचारात आणली. 1969 च्या प्रयोगात साप पाहून गळाठणाऱ्या माणसांसमोर आधी प्रयोगकर्ता साप हाताळी, मग त्यांना आपल्या हातावर हात ठेवायला लावी, शेवटी सापाला ती स्वतः हात लावत. नुसते पाहण्यापेक्षा किंवा कल्पना करण्यापेक्षा हा मार्ग फार परिणामकारक ठरला.

बोधात्मक संप्रदायाचे लक्ष माणूस धोक्याचा जो अंदाज बांधतो त्याकडे असते. बेक यांच्या मते भयगंडी माणूस धोका फुगवून पाहतो : धामण, दिवड, तस्कर हे बिनविषारी साप त्याला सारखेच मारक वाटतात. उलटी चूकही संभवते. नाग पंचमीला दंश करत नाही ही समजूत भीती घालवते, पण विष घालवत नाही. फणा काढून डोलणारा नाग भक्तीने डोलत नाही; समोर हलणाऱ्या वस्तूवर तो नजर रोखून असतो, आणि ती बचावाची मुद्रा असते. म्हणून निर्भयता म्हणजे ज्ञान, असे समीकरण मांडता येत नाही.

मेंदूविज्ञान या भीतीचा माग मेंदूतील बदामाकृती केंद्रकापर्यंत (अमिग्डाला) नेते. मानवतावादाने आणि समष्टिवादाने (गेस्टाल्ट) सर्पभयावर फारसे काही स्वतंत्र दिले नाही. सामाजिक-सांस्कृतिक दृष्टी मात्र मुळावर बोट ठेवते : मूल सापाकडे पाहण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे पाहते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे शिराळ्यातील जिवंत नागांची मिरवणूक आणि खेळ थांबले. पूजा प्रतिमेची होऊ लागली. नागांची ओढाताण थांबणे योग्यच झाले. मात्र माकडांवरचा निष्कर्ष माणसाला लावला, तर मातीच्या नागासमोर वाढलेल्या मुलांना ती आयती लस मिळणार नाही. त्यांना साप ओळखायला शिकवण्याचे काम शाळेला आणि सर्पमित्रांना करावे लागेल.