उसनी विद्या आणि नाशिक

क्षेत्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा देवळे, घाट आणि घराणी यांच्यापाशी थांबतात. नाशिकसंबंधी जे लेखन झाले आहे, त्यातही रामकुंड, पांडवलेणी आणि पेशवाईतील वाडे यांनाच मानाचे पान मिळालेले दिसते. त्यात वावगे काही नाही. परंतु ह्याच नगरीच्या परिसरात गेल्या शंभराहून अधिक वर्षांत परदेशची विद्या तीन वेळा येऊन उतरली, आणि तिन्ही वेळा तिने एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवला, इकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे आम्हांस वाटते. यंत्र विकत घेता येते हे उघड आहे. पण त्याबरोबर विद्याही विकत मिळते काय?

पहिला अध्याय दादासाहेब फाळके यांचा. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा गृहस्थ १९१२ साली स्वतःच्या हिमतीवर लंडनास गेला. त्याच्या पाठीशी ना सरकारचा करार होता, ना कोणा संस्थेचे अनुदान. हेपवर्थ यांचे चित्रनिर्मितिगृह त्याने पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळविले आणि काही आठवड्यांतच तो स्वदेशी परतला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांपुढे आला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारभार नाशिकास हलविला, आणि १९१८ साली येथे हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. छिद्रे पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची सारी कामे प्रथम त्यांनी स्वहस्ते केली असल्यामुळे अमुक क्रिया कशी करावयाची एवढेच नव्हे, तर ती तशीच का करावयाची, हेही त्यांस उमगले होते. म्हणूनच ते ही विद्या दुसऱ्यांस शिकवू शकले. तथापि कोरी फिल्म मात्र परदेशाहूनच येई. ती करण्यासाठी उटकमंड येथे सरकारी कंपनी स्थापन झाली १९६० साली. फाळके तर १९४४ मध्येच नाशिकास निवर्तले होते.

दुसरा अध्याय नाशिकरोडच्या छापखान्याचा, ज्यास येथील लोक नुसते ‘प्रेस’ म्हणतात. त्याची पूर्वपीठिका मोठी बोधप्रद आहे. साऱ्या हिंदुस्थानात चालणारी पहिली पोस्टाची तिकिटे १८५४ साली कलकत्त्यास छापली गेली होती. परंतु लगेच ते काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेले आणि सुमारे सत्तर वर्षे तिच्याकडेच राहिले. म्हणजे हाताशी आलेली विद्या आपण गमावून बसलो आणि पुढे तीच उसनी आणावी लागली! १९२५ साली नाशिकास छापखाना निघाला व पुढील वर्षापासून येथे छापलेली तिकिटे देशभर जाऊ लागली. नोटांची गोष्टही तशीच. १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा निघाल्या, पण त्या छापीत असे बँक ऑफ इंग्लंड. १९२८ पासून हे काम नाशिकास होऊ लागले आणि १९३२ पर्यंत सर्व किमतींच्या नोटा येथेच छापल्या जाऊ लागल्या.

हे यश लहान नव्हे. पण नोट म्हणजे केवळ छपाई नव्हे. तिचा अर्धा जीव कागदात असतो. जलचिन्ह आणि सुरक्षेचा धागा ही कागद करणाराचीच करामत. तो कागद समुद्रापलीकडून येत राहिला. होशंगाबादची कागदगिरणी सुरू झाली १९६८ साली, म्हणजे नाशिकच्या पहिल्या नोटेनंतर चाळीस वर्षांनी. त्यानंतरही परदेशी कागदाची गरज संपली नाही, आणि म्हैसूर येथे दुसरी गिरणी उभारावी लागली ती एकविसाव्या शतकात.

तिसरा अध्याय निफाड तालुक्यातील ओझरचा. त्याचा उगम आंतरराष्ट्रीय राजकारणात आहे. पाकिस्तानास अमेरिकेकडून एफ-१०४ जातीची विमाने मिळाली होती. इकडे बंगळूर येथे जर्मन अभियंता कुर्ट टँक याच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘मारुत’ १९६१ साली आकाशात गेले होते खरे, परंतु त्याच्या सांगाड्यास साजेसे बलवान इंजिन काही मिळाले नाही. अशा स्थितीत ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाशी मिग-२१ संबंधी करार झाला. त्यात विमाने घेण्याबरोबर ती येथे बनविण्याचा परवानाही होता. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. प्रथम रशियाहून आलेल्या भागांची जुळणी होई. पण १९७० साली कच्च्या मालापासून येथेच घडविलेले विमान वायुदलाच्या हाती पडले. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि मग २००० सालच्या करारान्वये सुखोई-३० ही विमाने ओझरला बनली. मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निरोप घेतला.

कित्येक टीकाकार म्हणतात की, परवान्यावरचे उत्पादन म्हणजे दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढलेले गणित. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. परवान्याबरोबर नकाशे येतात, मापे येतात, धातूंची यादी येते. तो भाग तसाच का घडविला, हे मात्र मूळ आराखडा करणाऱ्याच्या डोक्यात राहते. उलट पक्षी, दोन पिढ्यांच्या कारागिरांच्या बोटांत जी अचूकता भिनली, ती कोणत्याही ग्रंथातून आली नसती. ऑक्टोबर २०२५ मध्ये बंगळूरच्या आराखड्यानुसार ओझरला बनलेले ‘तेजस’ येथूनच उडाले, ते ह्याच साठ वर्षांच्या मुरलेल्या कौशल्याच्या बळावर. मात्र त्या विमानाचे इंजिन अमेरिकन आहे, आणि ते वेळेवर न आल्याने विमाने वायुदलाकडे जाण्यास विलंब झाला. त्याच्यासाठी हाती घेतलेले ‘कावेरी’ इंजिन त्यावर बसू शकले नाही. ‘मारुत’ जेथे अडले, तेथेच साठ वर्षांनी ‘तेजस’ही खोळंबावे, हा केवळ दैवाचा खेळ म्हणता येणार नाही.

आपल्या राज्यकर्त्यांस हे कळत नव्हते असेही नाही. ४ मार्च १९५८ च्या विज्ञानविषयक धोरणाच्या ठरावातच असे सुचविले होते की, विज्ञानाची वाढ लवकर व मोठ्या प्रमाणावर केल्यास परदेशी यंत्रे व तज्ज्ञ यांवरील खर्च पुष्कळ कमी होईल. १९८३ च्या तंत्रज्ञान-धोरणाने तर आणलेले तंत्र पचवून त्यात भर घालण्यावर विशेष भर दिला. परंतु ठराव आणि करार यांच्या मुदती निराळ्या असतात. शत्रू दाराशी असता विमान उद्या हवे असते. इंजिनाची धातुविद्या मात्र वीस-तीस वर्षे अखंड खर्च आणि अपयश सोसल्यावाचून प्रसन्न होत नाही. जपानने १८७१ साली इवाकुरा शिष्टमंडळ परदेशी धाडले, परके शिक्षक मोठ्या पगारावर ठेवले, आणि त्यांच्या जागी आपली माणसे बसविण्याचा हेतू पहिल्यापासून मनात धरला. तेव्हा उसने घेण्यात कमीपणा नाही; ते कशासाठी घेतले, याचा विसर पडणे घातक.

फिल्म, कागद आणि इंजिन ह्या तीन वस्तूंकडे एकत्र पाहिले म्हणजे नाशिकचा धडा स्पष्ट होतो. दर वेळी डोळ्यांत भरणारे यंत्र आधी आले, आणि ज्यावाचून ते यंत्र लंगडे, ती वस्तू मागे राहिली. फिल्म आणि कागद यांच्या बाबतीत आपण उशिरा का होईना, जागे झालो. इंजिनाचे ऋण अद्याप फिटावयाचे आहे. यापुढे परदेशाशी असा करार होईल, तेव्हा किती विमाने मिळणार ही संख्या वर्तमानपत्रांत ठळकपणे येईलच; सुज्ञ वाचकांनी त्याखालच्या बारीक अक्षरांत इंजिनाविषयी काय म्हटले आहे, ते आधी वाचावे.