शब्द कंपनीचा, हक्क आपला

अमेरिकेत २००८ साली गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी डकडकगो हे सर्च इंजिन सुरू केले. शोधणाऱ्याचा माग ठेवायचा नाही, हे त्याचे ब्रीद. २०१३ मध्ये स्नोडेनने सरकारी पाळत उघड केली आणि लोक तिकडे वळले. पण २०२२ मध्ये कळले, की मायक्रोसॉफ्टशी असलेल्या करारापायी याच कंपनीच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ट्रॅकरना सूट होती. ओरड झाली, तेव्हा कुठे बहुतेक वाटा बंद झाल्या.

आता तिथे एआयशी गप्पाही मारता येतात. आयपी पत्ता लपतो. प्रश्न मात्र दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलकडे जातो. प्रश्नातच नाव-गाव लिहिले, तर ते कोण लपवणार?

मित्रांनो, साधन जरूर वापरा. पण कंपनीच्या शब्दाला हक्क समजू नका. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. कंपन्यांनाही कायद्याने त्यात बांधून घेणे, हे आपले काम.