तयार झालं की देऊ!

माझ्या जुन्या संगणकावर भाच्याने डेबियन घालून दिले त्याला आता बरीच वर्षे झाली. लिनक्सचा हा एक अवतार, फुकट मिळणारा आणि मोकळा. सुरुवातीला थोडा बिचकलो, मग सवय झाली. एकदा सहज त्याला विचारले, "याची पुढची आवृत्ती कधी येणार रे?"

"तयार झाली की."

"बरं, पण तयार झाली हे ठरवतं कोण?"

"तसं कोणी एक माणूस नाही, मामा."

आता ज्याने जन्मभर शाळेत इतिहास शिकवला त्याला 'कोणी नाही' हे उत्तर कसे पचावे? आज्ञापत्र असते, मसलत असते, नाहीतर भाऊबंदकी तरी असते! मी खोदायला बसलो. आणि मंडळी, सांगतो काय, दफ्तरच सापडले. या लोकांचे गेल्या तीस वर्षांतले वाद, रुसवे, राजीनामे, मतदाने सगळे पत्रव्यवहारासकट उघडे ठेवलेले आहे. पेशवे दफ्तरासारखे मोडी वाचण्याची गरज नाही, इंग्रजी वाचता आले की झाले. त्यातून मला जे समजले ते लिहितो. तांत्रिक चुका राहिल्या असतील तर जाणकारांनी कान धरावा.

ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक नावाच्या वीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने हे काम सुरू केले. त्याच्या मैत्रिणीचे नाव डेब्रा. डेब्रा आणि इयन मिळून डेबियन. कल्पना अशी की जगभरातल्या लोकांनी लिहिलेले मोकळे प्रोग्रॅम गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि एकसंध वाटेल असे करून लोकांना द्यायचे. प्रत्येक प्रोग्रॅमचे एक पॅकेज, आणि प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा. हे सांभाळणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक, म्हणजे ना पगार ना बढती.

शाळेचा वार्षिक अंक ज्यांनी काढला आहे त्यांना इथली अडचण लगेच कळेल. लेख येतात, चित्रे येतात, कोणाची कविता शेवटच्या दिवशी येते. एकाने दुरुस्ती केली की दुसऱ्याचे पान हलते. आणि ज्याच्यावर रागवावे तो आपला नोकर नसतो, हौसेने आलेला असतो. फरक इतकाच की आमच्या अंकात साठ पाने असत, आणि डेबियनच्या १९९६ च्या १.१ या आवृत्तीतच ४७४ पॅकेजे होती.

१.१ का, १.० का नाही? ही गंमतच आहे. १.० कधी निघालीच नाही! सीडी विकणाऱ्या एका कंपनीने १९९५ च्या अखेरीस अर्धवट, कामात असलेली प्रत उचलली आणि 'डेबियन १.०' म्हणून विकली. ती धड चालेना. मग खऱ्या आवृत्तीला तो आकडा देणे म्हणजे गोंधळात भर, म्हणून यांनी तो आकडाच सोडून दिला. यातून शहाणपण आले ते असे की कामात असलेल्या प्रतीला आकडा द्यायचाच नाही, टोपणनाव द्यायचे. त्या वेळी मर्डॉकनंतर प्रमुख झालेले ब्रूस पेरेन्स पिक्सार कंपनीत कामाला होते आणि 'टॉय स्टोरी' हा चित्रपट नुकताच आला होता. तेव्हापासून आजपर्यंत सगळ्या आवृत्त्यांना त्या चित्रपटमालिकेतल्या पात्रांची नावे आहेत: बझ, हॅम, पोटॅटो, वुडी... आणि जिथे रोज नवे काम येऊन पडते, जिथे काहीही मोडू शकते, त्या विभागाचे नाव सिड. खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा! बारसे करणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

सुरुवातीची पद्धत साधी होती. सिडमध्ये सगळे टाकायचे, मग एक दिवस ठरवून त्याची प्रत काढायची आणि ती गोठवायची. गोठवल्यावर नवे काही नाही, फक्त दुरुस्त्या. पण गोठवलेल्या प्रतीत आधीच इतके मोडलेले असायचे की दुरुस्तीला महिनोन् महिने लागत. पोटॅटो जानेवारी २००० मध्ये गोठवली, निघाली १५ ऑगस्टला. त्यातली मजा निघून गेलेली असायची, म्हणून लोक हळूहळू सिडमधल्या नव्या कामाकडे सटकत. हौसेच्या माणसाला जुन्या चुका तपासायला बसवणे किती अवघड ते मुद्रिते तपासणाऱ्याला विचारा.

पोटॅटोबद्दल आणखी एक. ती आवृत्ती जोएल क्लेकर या मुलाला अर्पण केलेली आहे. स्नायूंच्या असाध्य आजाराने तो ११ जुलै २००० रोजी, एकविसाव्या वर्षी गेला. बरोबर काम करणाऱ्या अनेकांना तो आजारी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. त्यांना फक्त त्याचे काम दिसत होते.

डिसेंबर २००० मध्ये अँथनी टाउन्स या ऑस्ट्रेलियन तरुणाने यावर तोड काढली. सिड आणि पक्की आवृत्ती यांच्यामध्ये एक तिसरी खोली बांधली, तिचे नाव टेस्टिंग. दारावर पहारेकरी माणूस नव्हे, प्रोग्रॅम. सिडमध्ये आलेल्या पॅकेजने साधारणपणे दहा दिवस थांबायचे. निकड मध्यम असेल तर पाच, तातडीची असेल तर दोन. त्या दिवसांत कोणी गंभीर तक्रार नोंदवली नाही, ते सगळ्या प्रकारच्या यंत्रांवर तयार झाले, आणि त्याच्या येण्याने आतले दुसरे काही मोडत नाही असे दिसले, की दार उघडायचे. कोणाची ओळख नाही, वशिला नाही, विनवणी नाही. 'तसं कोणी नाही' असे भाचा म्हणाला ते या अर्थाने खरे होते.

तक्रार मात्र कोणीही करू शकतो, एक ई-मेल पाठवले की झाले. १९९७ साली यांनी समाजाशी केलेला एक करार लिहून काढला, त्यातले एक कलमच आहे की आम्ही दोष लपवणार नाही. तक्रारींची वही जगासमोर उघडी. आमच्या खात्यात अशी वही असती तर... असो.

आता आवृत्त्या वेळेवर निघतील अशी सगळ्यांची समजूत झाली. वुडी जुलै २००२ मध्ये निघाली. पुढची सार्ज. तिला जवळजवळ तीन वर्षे लागली!

कारणे वाचताना मला पानिपताची कारणमीमांसा आठवत होती, एकच कारण कधी नसतेच. संगणकावर डेबियन चढवणारा प्रोग्रॅम मुळापासून नवा लिहायला घेतलेला. अकरा प्रकारच्या यंत्रांवर सगळे चालले पाहिजे हा आग्रह. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांच्याच यंत्रांत कोणी घुसले, तेव्हा ती बंद ठेवून तपासणी करावी लागली. आणि २००४ मध्ये सर्वांत मोठा घोळ झाला तो मतदानाने. करारातली भाषा नीट करण्यासाठी म्हणून एक ठराव आला, 'केवळ शब्दांच्या दुरुस्त्या' असे त्याचे नाव. तो मंजूर झाला. मग रिलीजचे काम पाहणाऱ्या टाउन्सने नवा मजकूर वाचून सांगितले की याचा अर्थ पुस्तिका आणि यंत्रांच्या आतले छोटे प्रोग्रॅमसुद्धा पूर्ण मोकळे हवेत, म्हणजे सार्ज अशी निघूच शकत नाही. एकच धांदल. पुन्हा मतदान, आणि सार्ज निघेपर्यंत ती दुरुस्ती लांबणीवर. याच वर्षी टाउन्स त्या कामातून बाजूला झाला आणि स्टीव्ह लँगासेक व कॉलिन वॉटसन यांनी ते घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडमधलेच सामान घेऊन उबुंटू निघाले, दर सहा महिन्यांनी आवृत्ती देणारे. लोक यांना हसू लागले.

अखेर ६ जून २००५ रोजी सार्ज निघाली. १५ हजारांहून अधिक पॅकेजे. आणि निघाल्या निघाल्या कळले की सीडीवरून नवे डेबियन चढवले तर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतच नाहीत! यादीतली ती ओळ 'टेस्टिंग'च्या नावाची राहिली होती, तीही बंद केलेली. तीन वर्षे तपासले, आणि चूक राहिली 'आता हे टेस्टिंग नाही' हे लिहिण्यात. लगेच दुरुस्त सीडी काढाव्या लागल्या. अंक छापून आल्यावर पहिल्याच पानावर मुख्याध्यापकांचे नाव चुकलेले दिसते, तेव्हा पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे.

पुढच्या एच या आवृत्तीच्या वेळी वेगळाच उपाय करून पाहिला. रिलीज सांभाळणाऱ्या दोघांना, लँगासेक आणि अँड्रियास बार्थ यांना, २००६ च्या शेवटी एकेक महिना मानधन देऊन पूर्णवेळ बसवायचे. पैसा बाहेरून गोळा केलेला. यावर जे रामायण झाले! त्यांना पैसे, मग आम्ही काय म्हणून फुकट राबतो, असे म्हणून काहींनी हात आखडता घेतला. आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये यायची ती ८ एप्रिल २००७ ला आली. मला दोन्ही बाजू कळतात. शाळेत तासिकेवर येणारा आणि पगारी यांच्यातला ताण मी पाहिला आहे. पण हौसेच्या कामात एकाच्या हातावर पैसे ठेवले की दुसऱ्याच्या हातातले काम जड होते, हे आधी लक्षात यायला हवे होते असे माझे मत.

इथपर्यंत गोष्ट उशिराची. पण याच एचच्या पोटात एक भयंकर चूक होती. संदेश कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये २००६ साली, तपासणीचे एक साधन कुरकुर करते म्हणून, सांभाळणाऱ्याने दोन ओळी काढल्या. एक काढली तरी चालली असती. दुसरीमुळे किल्ल्यांमधली सारी अनिश्चितताच गेली. एका प्रकारच्या किल्लीला जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता उरल्या, म्हणजे संगणकाला डोळ्यांची उघडझाप. लुचियानो बेलो यांच्या हे लक्षात आले आणि १३ मे २००८ ला जाहीर झाले. जवळजवळ दोन वर्षे जगभर कच्च्या किल्ल्या वाटल्या जात होत्या. त्या पॅकेजने सगळे नियम पाळले होते. दिवस भरले, सगळ्या यंत्रांवर तयार झाले, काही मोडले नाही, कोणी तक्रार केली नाही. पहारेकऱ्याला फक्त तक्रार मोजता येते. किल्ली लागते, कुलूप उघडते, मग तक्रार कोण करणार?

हे वाचून मी खरोखर निराश झालो होतो. मग या थांबण्याचा उपयोग काय?

त्याचे उत्तर मला मार्च २०२४ मध्ये मिळाले. फाइली दाबून लहान करणारा एक्सझेड नावाचा प्रोग्रॅम आहे. दोनेक वर्षे गोड बोलून, मदत करून कोणी एकजण त्याचा सहसांभाळकर्ता झाला, आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याने चोरदरवाजा ठेवला. माणूस खरा कोण ते आजवर उघड झालेले नाही. ते पॅकेज सिडमध्ये आले, दिवस भरून टेस्टिंगमध्येही गेले. पहारेकरी पुन्हा फसला. पण आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते आपल्या सिडच्या यंत्रावर दुसरेच काही मोजत होते, त्यांना दूरच्या यंत्रात शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. अर्धा सेकंद! त्यांनी पाठ सोडली नाही, आणि २९ मार्चला जगाला सांगितले. पक्क्या आवृत्तीत ते पोचले नव्हते. ती जून २०२३ मध्ये निघालेली, आणि पुढची २०२५ मध्ये यायची होती.

म्हणजे दहा दिवसांनी काही अडवले नाही. पण मधल्या त्या दोन वर्षांच्या अंतरात एका चिकित्सक माणसाला अर्धा सेकंद खटकायला अवधी मिळाला. २००६ साली असा कोणी लवकर भेटला नाही, एवढाच फरक.

गोठवण्याची पद्धतही आता सुधारली आहे. २००९ मध्ये ठरले की गोठवण्याची वेळ आधी जाहीर करायची, निघण्याची नाही. पहिल्या वेळी त्यावरूनही कुरबुरी झाल्या आणि डिसेंबर २००९ ची वेळ हुकून ऑगस्ट २०१० वर गेली. पण २०११ पासून आवृत्ती दर दोन वर्षांनी, कधी चार महिने मागेपुढे, येतच राहिली आहे. गोठवल्यावर एखादी ओळ बदलायची असली तरी रिलीज पाहणाऱ्या चमूला कारणासह बदल दाखवावा लागतो. म्हणजे 'कोणी नाही' असे नाही, आहेत. फक्त त्यांच्या हातात आज्ञा नाही, दाराची कडी आहे.

९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सी निघाली. पॅकेजे ६९,८३०. मी भाच्याला फोन केला, कधी येतोस चढवायला? तो म्हणाला, "मामा, पहिली दुरुस्ती येऊ द्या." मी त्याला सार्जच्या सीडीची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊकच नव्हती! मला उगाच बरे वाटले. ६ सप्टेंबरला १३.१ आली, आणि नंतरच्या एका रविवारी तो आला. यंत्र जुने, दोनदा चहा झाला तरी पट्टी सरकतच होती. शेवटी सुरू झाले. मी आधी जोडाक्षरे नीट दिसतात का ते पाहिले. दिसतात.

"पुढचीचं नाव फोर्की," भाचा म्हणाला.

"कधी?" असे माझ्या तोंडून निघून गेले. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले.