तीनशे पंधराच का?

ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडच्या काही जुन्या मराठी घरांत खंडेनवमीला तलवारीशेजारी रायफलही मांडतात. ती .315 बोरची असेल, तर तिच्या निवडीत शिकाऱ्यापेक्षा सरकारचा हात जास्त आहे.

इंग्रजांच्या फौजेचं काडतूस .303. तेच लोकांच्या रायफलीत चाललं, तर फौजेतून चोरलेली गोळी कुठंही वापरता येईल, ही भीती. म्हणून खासगी माणसाला .303 बंद. 1907 मध्ये .450 वरही तीच कुऱ्हाड पडली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्रीचा बोर तोच. मग विलायती कारागिरांनी .465, .470 अशी नवी मापं काढली. मोठ्या शिकारीची ही नामांकित काडतुसं जन्मली ती कायद्याला वळसा घालायला! साध्या शिकाऱ्यासाठी बर्मिंगहॅमच्या बीएसएनं ऑस्ट्रियन मॅनलिखरचं 8 मिलिमीटर काडतूस उचललं. तेच आपलं .315.

हे काडतूस काही फार तेज नाही. गोळी जड, जवळपास 16 ग्रॅमची, वेग सेकंदाला 600 मीटरच्या आसपास. जिम कॉर्बेटची .275 रिग्बी साधारण 9 ग्रॅमची गोळी 800 च्या वर फेकायची. नळी सपाट धरली तर 100 मीटरवर .315 ची गोळी सुमारे 15 सेंटिमीटर खाली येते, .275 ची त्याच्या निम्मी. पण मचाणावरून चाळीस पावलांवर हा फरक कुणाला जाणवणार? तिथं गोळी खोल शिरायला हवी. वाघ जखमी होऊन सुटला तर जीव हाकाऱ्याचा जायचा. वाघाला .375 बरी, असं जाणकार सांगत ते खरंच होतं.

पण .375 ची काडतुसं आणायची कुठून? स्वातंत्र्यानंतर आयात आवळली, विलायती माल महाग आणि दुर्मिळ झाला. वर्षानुवर्षं दमट कपाटात पडलेलं काडतूस म्हणजे ऐन वेळी नुसता ‘टक्’ आवाज. .315 ची रायफल ईशापूरला बनायची आणि काडतूस पुण्याजवळ खडकीला. त्याच्या बुडावर ‘केएफ’ म्हणजे किरकी फॅक्टरीचा छाप. कोरीव कामाच्या देखण्या दुनळ्या पेटीत गेल्या, ठोकळेबाज ईशापुरी खांद्यावर आली.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. चंबळकडं .315 आजही परवान्यावर घेतात, राखणीसाठी आणि खरं सांगायचं तर मिरवायलाही. 2019 च्या दुरुस्तीनं मात्र एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशानं आलेली धरून. ज्यांच्याकडं तीन होती, त्यांना एक जमा करावं लागलं.