नव्या फिश टँकमध्ये मासे आधीच सोडलेत? पहिले सहा आठवडे असे सांभाळा

काचेचा टँक, रंगीत खडी, फिल्टर आणि मासे ही सगळी खरेदी बहुतेक घरांत एकाच दिवशी होते. पहिले चार-पाच दिवस मासे छान फिरतात. मग एखादा पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करू लागतो आणि दुसऱ्या आठवड्यात एकेक मासा मरू लागतो. पाणी मात्र स्वच्छच दिसत असतं. या प्रकाराला ‘न्यू टँक सिंड्रोम’ म्हणतात. मासे सोडण्याआधी टँक तयार करून घेणं सर्वांत चांगलं. पण मासे आधीच आत असतील, तरी त्यांना वाचवता येतं.

पाण्यात नेमकं काय होतं?

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जुन्या टँकमध्ये एका गटाचे सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांसाठी विषं आहेत. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य असतं आणि नेहमीच्या पाणीबदलानं आटोक्यात राहतं.

नव्या टँकमध्ये हे सूक्ष्मजीव जवळजवळ नसतातच, आणि ते वाढतातही सावकाश. अनुकूल परिस्थितीत काही साधे जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, पण यांना त्यासाठी अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून हे चक्र बसायला साधारण ४ ते ८ आठवडे जातात. तोपर्यंत विष बाहेर काढायचं काम तुम्हालाच करावं लागतं.

अमोनिया कधी जास्त घातक ठरतो?

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम या रूपाचा त्रास कमी होतो, मुक्त अमोनिया मात्र कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे मुख्यतः पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियाच्या १ टक्क्याहूनही कमी भाग मुक्त असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे किटवर तोच आकडा दिसत असला, तरी एका घरात मासे तगतात आणि दुसऱ्या घरात मरतात. बोअरचं पाणी वापरत असाल, तर पीएच नक्की तपासा.

नायट्राइटची तऱ्हा वेगळी आहे. ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो, कल्ले तपकिरी दिसू लागतात.

रोज काय करायचं?

१. पाणी तपासा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट घ्या. पहिला महिनाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा.

२. आकडा पाहून पाणी बदला. दोन्हींची बेरीज लिटरला ०.५ मिलिग्रॅम किंवा जास्त आली, की त्याच दिवशी तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. हिशोब सोपा आहे. १ मिलिग्रॅम असताना निम्मं पाणी बदललं, तर ०.५ उरतं. चौथा हिस्सा बदलला, तर ०.७५ उरतं.

३. क्लोरीन काढा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना आणि जीवाणूंना, दोघांनाही मारक असतं. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात आधी बादलीत घाला. नव्या पाण्याचं तापमान टँकइतकंच ठेवा.

४. खाद्य आवरा. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. आकडा चढलेला असेल, तर एक दिवस उपास घडला तरी मोठे, धडधाकट मासे सहज तग धरतात.

५. हवा आणि फिल्टर २४ तास चालू ठेवा. या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या.

६. नायट्राइट चढल्यावर मीठ घाला. १० लिटरला १ ग्रॅम साधं खडेमीठ पुरतं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. मीठ बाष्पीभवनानं उडून जात नाही, म्हणून पुढच्या वेळी फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घाला.

चक्र लवकर कसं बसेल?

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला फिल्टरचा स्पंज. तो ओलाच आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. हायड्रिलासारख्या भराभर वाढणाऱ्या वनस्पतीही अमोनिया शोषतात. या काळात नवे मासे मात्र आणू नका. गोल्डफिश घाण बरीच करतात. ते लहान टँकमध्ये असतील, तर पाणीबदल जास्त वेळा लागेल हे धरून चाला.

या चुका टाळा

पाणी बदललं तर चक्र मोडतं, हा गैरसमज आहे. हे जीवाणू मुख्यतः स्पंज, खडी आणि काच यांना चिकटून राहतात, मोकळ्या पाण्यात फार थोडे असतात. चक्र मोडतं ते स्पंज नळाखाली खळखळून धुतल्यानं किंवा बदलून टाकल्यानं. स्पंज तुंबला, तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं, तर घाबरून सगळा टँक रिकामा करू नका. ती दुसऱ्या जीवाणूंची तात्पुरती वाढ असते आणि सहसा काही दिवसांत निवळते.

निव्वळ आरओचं पाणीही वापरू नका. अमोनियाचं रूपांतर होताना पाण्यातली क्षारता खर्च होते. ती मुळात नसेल, तर पीएच कोसळतो आणि जीवाणूंचं काम थांबतं.

चक्र पूर्ण झालं हे कसं ओळखायचं?

क्रम साधारण असा असतो: पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढतं आणि बऱ्याचदा जास्त दिवस रेंगाळतं. शेवटी नायट्रेट दिसू लागतं. रोजचं खाद्य चालू असताना आणि पाणी न बदलता सलग आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आली, की चक्र बसलं. त्यानंतर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं तरी पुरतं. नवे मासे आणायचे असतील, तर एका वेळी दोन-तीनच आणा आणि पुढचा आठवडा पुन्हा पाणी तपासा, कारण जीवाणूंची संख्या आधीच्या माशांपुरतीच वाढलेली असते.