मुंबई महापालिका : करदात्यांच्या हक्काची कहाणी

महापालिका म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कचऱ्याची गाडी, तुंबलेले गटार, नळाला न येणारे पाणी आणि दवाखान्यातील रांग एवढेच चित्र उभे राहते. वास्तविक जन्माच्या दाखल्यापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत शहरातील माणसाचा जितका संबंध या संस्थेशी येतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या सरकारी संस्थेशी येत असेल. आमच्या मुलांना पानिपतच्या तीनही लढायांच्या सनावळ्या तोंडपाठ असतात. परंतु ज्या नळाचे पाणी आपण पितो तो नळ कोणाच्या मंजुरीने आला, त्याचा पैसा कोठून आला, आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला केव्हा व कसा मिळाला, हे त्यांना कोणी सांगत नाही. मुंबईच्या महापालिकेचा इतिहास हा मुख्यत: या एका अधिकाराचा इतिहास आहे, आणि तो घडविण्यात आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांचाही वाटा आहे. म्हणून पालक व विद्यार्थी यांच्यासाठी त्याचा थोडक्यात आढावा येथे घेतला आहे.

एकाच माणसाच्या हाती कारभार

हिंदुस्थानातील पहिली नगरपालिका मद्रासची. ती १६८८ साली अस्तित्वात आली. मुंबईच्या कारभाराला आजचे वळण मिळू लागले ते १८६५ च्या कायद्याने. या कायद्याने शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला. त्याच्यावर देखरेख ठेवण्याचे काम 'जस्टिस ऑफ द पीस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थांकडे होते. परंतु हे जस्टिसही सरकारनियुक्तच असत. घरपट्टी भरणाऱ्या सामान्य माणसाला या व्यवस्थेत कोठेच स्थान नव्हते. त्याने पैसे द्यावेत आणि गप्प बसावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार अधिकारी होते, यात शंका नाही. रस्ते, गटारे, सफाई यांत त्यांनी धडाक्याने काम केले. १८६९ साली पूर्ण झालेली मंडई त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. आज तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. पण काळ कठीण होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली ते युद्ध संपताच भाव कोसळले, बँका बुडाल्या, घराघरांतून दिवाळी निघाली. अशा वेळी क्रॉफर्ड साहेबांचा खर्च मात्र वाढतच गेला आणि त्याचा बोजा करदात्यांवर पडला.

१८७१ साली या असंतोषाचा स्फोट झाला. करदात्यांच्या सभा भरल्या, अर्ज गेले, नवरोजी फर्दुनजी यांच्यासारख्या लोकनेत्यांनी आवाज उठविला. अनेकांचा रोख क्रॉफर्ड यांच्यावर होता. मात्र नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेल्या फिरोजशहा मेहता या २६ वर्षांच्या तरुणाने निराळाच मुद्दा मांडला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, दोष एका माणसात नसून व्यवस्थेत आहे. काम करणारा अधिकारी समर्थच असावा, पण त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडून दिलेली असावी. त्या वेळी हे मत पुष्कळांना रुचले नाही. परंतु पुढे महापालिकेची सारी रचना याच तत्त्वावर उभी राहिली.

पन्नास रुपयांचा मतदार

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन निर्माण झाले. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस मंडळींनी आणि १६ सरकारने नेमायचे, अशी वाटणी होती. मतदानाचा हक्क वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यालाच होता. त्या काळी ५० रुपये ही लहान रक्कम नव्हे. १८७२ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती; तीत मत देऊ शकणारे थोडकेच होते. तरीसुद्धा निम्मी सभा लोकांनी निवडावी हे मान्य झाले, ही साधी गोष्ट नव्हती.

१८७३ साली अस्तित्वात आलेल्या या कॉर्पोरेशनचे सदस्य म्हणून बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांनी प्रवेश केला. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. १८६७ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. आणि लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १८७४ साली, त्यांनी आपले वडील बंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा महंमद अली रोगे, मुन्शी गुलाम मोहम्मद इत्यादी सहकाऱ्यांसह अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली.

या दोन सनांकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. एका वर्षी नगरसभेत प्रवेश, दुसऱ्या वर्षी शिक्षणसंस्थेची मुहूर्तमेढ. आज आपल्याकडे शाळा चालविणे हे पुण्याचे काम आणि नगरपालिका म्हणजे राजकारण, असा भेद करण्याची रीत पडली आहे. तय्यबजींनी तो भेद मानला नाही. मुलाला शाळा हवी, आणि शाळेपर्यंत जाणारा रस्ता, तेथील पाणी व मोहल्ल्याची सफाईही हवी. ही दोन्ही कामे एकाच सेवेची अंगे आहेत, असेच त्यांचे आचरण सांगते.

१८८८ चा कायदा

लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव जाहीर केला. त्याला अनुसरून मुंबईसाठी नवा कायदा करण्याचे ठरले. सरकारचा मूळ मसुदा लोकांना पसंत पडला नाही. कायदे कौन्सिलात फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्यावर कसून काम केले आणि १८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा संमत झाला. अनेक दुरुस्त्या होऊनही आजची महापालिका याच कायद्याखाली चालते.

त्याप्रमाणे सभासदांची संख्या ७२ झाली : ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिस मंडळींकडून, २ विद्यापीठाच्या फेलोंकडून, २ चेंबर ऑफ कॉमर्सकडून आणि १६ सरकारनियुक्त. या यादीत धर्माच्या नावाने एकही जागा नव्हती. तरीही १८८८ साली कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद रहिमतुल्ला सयानी यांनी भूषविले आणि १८९९ साली ते इब्राहिम रहिमतुल्ला यांच्याकडे आले. सयानी हे मुंबई विद्यापीठाचे पहिले मुस्लिम एम. ए.; १८९६ साली ते राष्ट्रीय सभेचेही अध्यक्ष झाले. साऱ्या शहराचे काम साऱ्या शहरासाठी करावे आणि त्या योग्यतेने मान मिळवावा, हा धडा त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखा आहे.

बोरीबंदरासमोरील महापालिकेची भव्य इमारत याच काळातली. डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १८९३ साली ती पूर्ण झाली. मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये होता. प्रत्यक्षात ११,१९,९६९ रुपये लागले. सार्वजनिक काम अंदाजापेक्षा कमी पैशांत पुरे होऊ शकते, याचा हा दगडी पुरावा आहे.

मताची किंमत उतरत गेली

१८८८ साली मतदारासाठी कराची अट ३० रुपयांवर आली. १९२२ साली महिना १० रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळाले, म्हणजे घरमालकांच्या सभेत चाळकरी पोचला. १९२३ च्या निवडणुकीत अवंतिकाबाई गोखले आणि सरोजिनी नायडू सभागृहात आल्या. १९३१ पासून अध्यक्षांना 'मेयर' म्हणू लागले. १९४२ साली युसुफ मेहेरअली मेयर झाले. 'छोडो भारत' आंदोलनाच्या इतिहासात त्यांचे नाव अमर आहे. शेवटी १९४८ च्या निवडणुकीत कराची व भाड्याची अट गेली आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. पन्नास रुपयांपासून शून्यापर्यंत यायला ७६ वर्षे लागली. जे मत आज फुकट मिळते ते स्वस्तात मिळालेले नाही.

कारभार कसा चालतो?

कायद्याने महापालिकेचे जे अधिकारी घटक ठरविले त्यांत तीन मुख्य आहेत. पहिला, नगरसेवकांची सभा, म्हणजे महापालिका. धोरण ठरविणे व अंदाजपत्रक मंजूर करणे हे तिचे काम. दुसरा, स्थायी समिती. पैशांची तिजोरी तिच्या नजरेखाली असते आणि मोठी कंत्राटे तिच्या मंजुरीला जातात. तिसरा, आयुक्त, प्रत्यक्ष कारभार त्यांच्या हाती असतो. आयुक्तांना राज्य सरकार नेमते, परंतु एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश सभासदांनी ठराव केल्यास त्यांना परत बोलवावे लागते. काम करणारा हात आणि हिशेब मागणारा हात निराळे असावेत, हे १८७१ चे तत्त्व ते हेच.

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. स्थायी समिती व नंतर महापालिका त्यावर चर्चा करून ते मंजूर करते, आणि १ एप्रिलपासून ते लागू होते. शिक्षणाचे अंदाजपत्रक वेगळे असते. प्राथमिक शाळा चालविणे हे कायद्याने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे. १९२५ साली एफ व जी वॉर्डांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले. पुढे मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ भाषांतून महापालिकेने शाळा चालविल्या. आपल्या मोहल्ल्यातील उर्दू शाळेचे छत गळत असेल, शिक्षक अपुरे असतील, तर त्याची तरतूद याच अंदाजपत्रकात शोधावी लागते. ती नसेल तर अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वीच नगरसेवकाकडे मागावी लागते. मे महिन्यात मोर्चा नेऊन उपयोग नसतो. मागणी डिसेंबरात लेखी गेली पाहिजे.

उत्पन्नाचे सांगायचे तर मालमत्ता कर हा जुना आधार. जकात हे दीर्घकाळ मोठे साधन होते; जी. एस. टी. लागू झाल्यावर १ जुलै २०१७ पासून ती बंद झाली व तिच्या बदल्यात सरकारकडून भरपाई मिळू लागली. 'जकात' हा मराठी शब्द आपल्या 'ज़कात'वरूनच आला आहे. ज़कात देणारा ती योग्य हक्कदाराला पोचली की नाही याची काळजी घेतो. मग शहराला दिलेल्या कराबद्दल आपण इतके बेफिकीर का असावे?

आपली जबाबदारी

हे हक्क कागदावर असले म्हणजे कायमचे सुरक्षित झाले, असे समजू नये. ७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होता प्रशासकामार्फत कारभार चालला. पाणी आले, कचरा उचलला गेला, अंदाजपत्रकही मांडले गेले. पण सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा वॉर्डाचा प्रतिनिधी नव्हता. १८७१ साली करदात्यांनी जे मागितले होते तेच इतका काळ रिकामे राहिले, आणि पुष्कळांना त्याची उणीवही जाणवली नाही. ही गोष्ट अधिक चिंतेची आहे.

यासाठी पालकांनी तीन गोष्टी अवश्य कराव्यात. घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव मतदारयादीत आहे का, ते पाहावे. आपला वॉर्ड व नगरसेवक कोण हे मुलांना माहीत करून द्यावे. आणि तक्रार तोंडी न करता लेखी करून तिची पोच घ्यावी. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने तर दहा रुपयांच्या अर्जावर कोणीही नागरिक खर्चाचा तपशील मागू शकतो. विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेभोवतालच्या एका कामाची, मग तो रस्ता असो, नळ असो वा वाचनालय, अशी माहिती काढून पाहावी. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ नाही.

भेंडीबाजारातून जाताना इब्राहिम रहिमतुल्ला मार्ग आणि मशीद बंदराकडे जाताना युसुफ मेहेरअली मार्ग लागतो. पाट्यांवरची ही नावे आपली मुले रोज वाचतात. त्या नावांच्या माणसांनी या शहरासाठी काय केले हे जर त्यांना समजले, आणि त्यांच्यापैकी चार जणांना जरी त्या सभागृहात जाऊन शहराची सेवा करावीशी वाटली, तर शिक्षणसंस्थांनी केलेल्या श्रमांचे चीज झाले असे म्हणता येईल.