तेलविहिरींचा अम्लोपचार

खनिज तेलाच्या विहिरीत अम्ल सोडून तिच्या तळाभोवतीच्या खडकाची घटलेली पार्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) पूर्ववत करण्याच्या वा वाढविण्याच्या प्रक्रियेस अम्लोपचार म्हणतात. वेधनाच्या वेळी वापरलेल्या चिखलाचे कण किंवा पाण्यातून साचणारे क्षार खडकातील छिद्रे बुजवितात आणि साठ्यात तेल असूनही उत्पादन घटते.

चुनखडकावर हायड्रोक्लोरिक अम्लाची विक्रिया होऊन पाण्यात विरघळणारे कॅल्शियम क्लोराइड व कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार होतात. १५% तीव्रतेचे १,००० लि. अम्ल सु. २२० किग्रॅ. चुनखडक विरघळविते. या तत्त्वावर हेर्मान फ्राश यांनी अमेरिकेतील ओहायओ राज्यात प्रयोग केले व १८९६ मध्ये एकस्व मिळविले. उत्पादन वाढले, परंतु खडकाबरोबर विहिरीतील पोलादी नळांचेही संक्षारण होत असल्याने ही पद्धत सु. तीस वर्षे मागे पडली. ११ फेब्रुवारी १९३२ रोजी मिशिगनमधील एका विहिरीत प्युअर ऑइल व डाऊ केमिकल या कंपन्यांनी सु. १,९०० लि. अम्ल सोडले. त्यात नळांचे रक्षण करणारे आर्सेनिकयुक्त निरोधक मिसळले होते. हा प्रयोग यशस्वी झाला आणि अम्लोपचार हा स्वतंत्र व्यवसाय बनला. विषारी आर्सेनिकाची जागा पुढे कार्बनी निरोधकांनी घेतली.

वालुकाश्मातील सिलिका व मृद् खनिजे हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळत नाहीत. त्यांसाठी हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाचे मिश्रण १९४० च्या सुमारास प्रचारात आले. मात्र खडकात चुना असल्यास अविद्राव्य कॅल्शियम फ्ल्युओराइड साचून छिद्रे पुन्हा बुजतात. म्हणून प्रथम हायड्रोक्लोरिक अम्लाने चुना काढून टाकतात.

भारतात गुजरातमधील अंकलेश्वर क्षेत्राचा (शोध १९६०) खडक वालुकाश्माचा, तर मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. वर समुद्रात असलेल्या मुंबई हाय क्षेत्राचा मुख्य तेलधारक खडक चुनखडकाचा आहे. त्यामुळे दोहोंसाठी वेगवेगळी अम्ले निवडावी लागतात. मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन नौकेच्या साहाय्याने लागला व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील विहिरींवर हायड्रोक्लोरिक अम्लाचा उपचार करतात. समुद्रातील विहिरींसाठी अम्ल व पंप नौकेवरून न्यावे लागतात. अम्ल आधीच खुल्या असलेल्या थरांकडे वळते. तेथे पाणी असल्यास उपचारानंतर तेलाऐवजी पाणीच अधिक येते. हे टाळण्यासाठी फेस किंवा दाट द्रव वापरून अम्ल अन्य थरांकडे वळवितात.

साठ्याचा दाब ओसरला असल्यास अम्लोपचाराने तो परत येत नाही. अडथळा विहिरीलगत असेल, तरच हा उपचार फलदायी ठरतो. म्हणून उत्पादन घटण्याचे कारण आधी निश्चित करणे आवश्यक असते.